हौशी मंडळींचीं टिपणें

छंद एकट्याचा असतो. परंतु त्याचें ज्ञान व्हावयाचें तर दुसरा माणूस लागतो. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी रविवार आला कीं एखादा किल्ला चढून येतो, तर कोणी खिडकीशीं बसून पक्षी न्याहाळतो. अशा गृहस्थाकडे आपण पाहुणे म्हणून गेलों म्हणजे तो मोठ्या उत्साहानें आपला संग्रह पुढें मांडतो. आपण चार पानें उलटतों, ‘वा! फार छान!’ म्हणतों, आणि चहाचा पेला उचलून पावसापाण्याच्या गोष्टींकडे वळतों. यजमान हंसतो, पण बारकाईनें पाहिल्यास त्याच्या चेहऱ्यावर किंचित् निराशा उमटलेली दिसते. त्याला स्तुति नको होती असें नव्हे. परंतु त्याहून अधिक कांहीं तरी हवें होतें. ‘हें नाणें कोठें मिळालें? यावरील अक्षर असें उलटें कां? याच्या जोडीचें दुसरें आमच्या गांवीं एकाकडे आहे, पण त्याचा कांठ निराळा आहे,’ असें कोणी तरी म्हणावें, हीच त्याची खरी अपेक्षा होती.

हा प्रसंग घरगुती आणि क्षुल्लक दिसतो खरा. परंतु निरीक्षणावर उभ्या असलेल्या कित्येक शास्त्रांचा पाया पगारी पंडितांच्या बरोबरीनें अशाच फावल्या वेळच्या हौशी माणसांनीं घातला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या निराशेचें मोल कळतें. हौशी माणसाकडून विचारपूर्वक लिहिलेलें, भरीव असें टिपण कसें मिळवावें, हा प्रश्न आजचा नाहीं. तो साडेतीनशें वर्षांहून जुना आहे. ज्यांनीं तो चांगल्या रीतीनें सोडविला त्यांनीं लोकांना उपदेश केला नाहीं. त्यांनीं केलें तें इतकेंच, कीं आलेलें टिपण आदरानें घेतलें आणि उलट प्रश्न विचारला. त्यांचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ च्या मार्च महिन्यांत ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक सुरू केलें. ओल्डेनबर्ग हे जन्मानें जर्मन. त्यांच्या नांवावर मोठा असा एकहि शोध नाहीं. त्यांचा खरा उद्योग म्हणजे पत्रें लिहिणें आणि आलेल्या पत्रांना उत्तरें देणें. १६७३ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचे वैद्य रेनिअर द ग्राफ यांनीं त्यांना कळविलें, कीं आमच्या गांवीं लेव्हेनहुक नांवाचा एक गृहस्थ आहे आणि तो उत्तम भिंगें घडवितो. हा लेव्हेनहुक कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. विद्वानांची त्या काळची भाषा लॅटिन. ती त्याला येत नव्हती. त्याला येई ती फक्त आपली डच भाषा. अशा माणसाचें पत्र बाजूला सारण्यास सबबींची वाण नव्हती. ओल्डेनबर्ग यांनीं त्याचें भाषांतर केलें, तें छापलें, आणि अधिक लिहा म्हणून कळविलें.

१६७६ च्या ऑक्टोबरांत लेव्हेनहुकनें एक लांबलचक पत्र पाठविलें. पावसाच्या पाण्यांत आणि मिरीं भिजत घातलेल्या पाण्यांत, डोळ्यांस न दिसणारे असंख्य सजीव प्राणी आपण पाहिले, असें त्यांत होतें. लंडनच्या विद्वानांना ही गोष्ट पटेना. परंतु त्यांनीं आपला अविश्वास हंसण्यावारी नेला नाहीं. त्याचे प्रश्न केले. दुसऱ्या कोणी तुमच्याबरोबर हें पाहिलें काय? एवढ्या सूक्ष्म जीवांची संख्या तुम्हीं कशी अजमावली? तेव्हां डेल्फ्टच्या त्या दुकानदारानें आपल्या घरीं येऊन स्वतः पाहून गेलेल्या आठ प्रतिष्ठित लोकांच्या साक्षी लिहून पाठविल्या. १६७७ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट हूक यांनीं सोसायटीच्या सभेंत तो प्रयोग करून दाखविला आणि ते प्राणी सर्वांना दिसले. ओल्डेनबर्ग त्याच वर्षीं, दोनच महिने आधीं, वारले होते. १६८० सालीं लेव्हेनहुकला सोसायटीचें सभासदत्व मिळालें, आणि १७२३ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षें, तो पत्रें लिहीत राहिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लेव्हेनहुकनें जें लिहून पाठविलें तें जगाचें झालें. परंतु पाहण्याची आपली सर्वांत चांगली युक्ति त्यानें कोणास सांगितली नाहीं, आणि ती त्याच्याबरोबरच गेली. माणूस तोच, बुद्धिहि तीच. परंतु दुसऱ्याच्या हवालीं केलें तेवढेंच टिकलें.

हीच रीत दोन शतकांनंतर हिंदुस्थानांत एका सनदी अधिकाऱ्यानें चालविली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव आपल्याला राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून परिचित आहे. ते आपल्या काळचे हिंदुस्थानांतील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते, हें फारसें कोणाला आठवत नाहीं. त्यांचें प्रभुत्व एवढें होतें, कीं लोक त्यांना हिंदी पक्षिशास्त्राचे ‘पोप’ म्हणत. अशा माणसानें आपलें पहिलें पुस्तक १८६९ सालीं प्रसिद्ध केलें त्याचें नांव काय ठेवावें? ‘माय स्क्रॅप बुक’, म्हणजे माझी चिटोऱ्यांची वही! आपलीं टिपणें अपुरीं आहेत, त्यांत जागोजाग रिकाम्या जागा आहेत, त्या देशभरच्या जाणत्यांनीं भरून काढाव्या आणि या वहीभोंवतीं पुढील निरीक्षणें गोळा व्हावीं, असा त्यांचा हेतु होता. पुढें १८७३ ते १८७५ या काळांत हिंदुस्थानांतील पक्ष्यांचीं घरटीं आणि अंडीं यांवर त्यांनीं मोठें पुस्तक काढलें. त्याच्याहि नांवापुढें त्यांनीं स्वच्छ छापलें होतें: ‘कच्चा खर्डा’.

यांतील मर्म नीट समजून घेतलें पाहिजे. पूर्ण झालेल्या, गुळगुळीत ग्रंथापुढें वाचक हात जोडतो आणि स्वस्थ बसतो. तेथें आपण भर घालावी असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. परंतु जेथें लेखकच म्हणतो, कीं अमुक पक्ष्याचें घरटें मीं पाहिलेलें नाहीं, तेथें एखाद्या आडवळणाच्या ठाण्यावर एकटा बसलेला जंगलखात्याचा अधिकारी दचकून उठतो. ‘अरे, मीं तर तें गेल्याच पावसाळ्यांत पाहिलें!’ असें म्हणून तो कागद पुढें ओढतो. ह्यूम यांनीं अशा लोकांसाठीं १८७२ मध्यें ‘स्ट्रे फेदर्स’ हें नियतकालिक सुरू केलें आणि नमुने कसे जमवावे, कसे टिकवावे, काय काय टिपून ठेवावें याविषयीं १८७४ सालीं एक लहानसें मार्गदर्शक पुस्तकहि लिहिलें. नुसतें ‘लिहा’ म्हणून ते थांबले नाहींत. काय पाहावयाचें हेंहि त्यांनीं सांगितलें. घरट्यांच्या पुस्तकांत प्रत्येक टिपणाखालीं तें पाठविणाराचें नांव त्यांनीं राखलें, आणि दोघांच्या निरीक्षणांत विरोध आला तर तीं दोन्ही शेजारीं शेजारीं छापलीं. या उत्तेजनाचें फळ आपल्या प्रांतासहि मिळालें. डेव्हिडसन आणि वेन्डन यांनीं दख्खनच्या पक्ष्यांविषयींचा लेख १८७८ मध्यें, आणि विडल यांनीं दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची यादी १८८० मध्यें ‘स्ट्रे फेदर्स’ मध्येंच प्रसिद्ध केली.

परंतु ह्यूम यांच्या या उद्योगाचा शेवट विलक्षण झाला. हिंदुस्थानच्या सर्व पक्ष्यांवर एक सर्वांगपूर्ण ग्रंथ लिहावा, ही त्यांची आयुष्याची आकांक्षा होती. त्यासाठीं वर्षानुवर्षें लिहिलेल्या हस्तलिखितांचे ढीग शिमल्याच्या त्यांच्या घरीं सांठले होते. १८८४ च्या सुमारास त्यांना आढळून आलें, कीं एका नोकरानें ते सारे कागद शिमल्याच्या बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकले आहेत. त्या धक्क्यानंतर त्यांचें मन या विषयावरून उडालें. १८८५ मध्यें त्यांनीं आपला प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, आणि ह्यूम यांचें पुढील आयुष्य त्या कार्यास वाहिलें गेलें.

जो ग्रंथ निर्दोष व्हावा म्हणून राखून ठेविला होता, तो पुड्या बांधण्यास गेला. आणि ‘कच्चा खर्डा’ म्हणून जो भीत भीत लोकांपुढें टाकला होता, तो वांचला. इतकेंच नव्हे, तर ओट्स यांनीं तो सुधारून १८८९-९० मध्यें त्याची दुसरी आवृत्ति तीन भागांत काढली. पूर्णत्वाची वाट पाहत टिपणें पेटींत कुलूप लावून ठेवणाऱ्या आपल्याकडील कित्येक व्यासंगी मंडळींनीं ही गोष्ट मनावर घ्यावी अशी आहे.

ह्यूम यांचा दिवा शिमल्यास मालवण्याच्या बेतांत असतांना मुंबईंत दुसरा लागला होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे ज्यास आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतों तेथें, आठ गृहस्थ जमले. प्राणिसृष्टीविषयीं आपापलीं टिपणें एकमेकांस वाचून दाखवावीं आणि कांहीं चमत्कारिक नमुने मिळाल्यास ते मांडावे, एवढाच त्यांचा बेत होता. यांतूनच ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ जन्मास आली. आठांपैकीं दोघे आपले होते. प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे ते दोघे. पुढल्याच जानेवारींत फिप्सन नांवाच्या दारूच्या व्यापाऱ्यानें फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानांतील एक खोली मंडळीला दिली. १८८६ च्या जानेवारीपासून सोसायटीचें नियतकालिक निघूं लागलें. त्याचे पहिले संपादक एटकेन आणि स्टर्नडेल. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा आणि नोकरी जकात व मीठ खात्यांत. ‘एहा’ या नांवानें त्यांनीं लिहिलेलीं खुसखुशीत पुस्तकें आजहि आवडीनें वाचलीं जातात.

या नियतकालिकाचे मोठमोठे लेख शास्त्रज्ञांस प्रिय असतील. सामान्य वाचकाला त्याचा प्राण वाटतो तो शेवटच्या पानांवरील ‘संकीर्ण टिपणें’ या सदरांत. एकेक टिपण दहा-वीस ओळींचें. त्याखालीं लिहिणाराचें नांव, गांव आणि तारीख. कधीं त्याच्याहि खालीं कंसांत संपादकांचा शेरा असे: हें वर्णन अमुक जातीशीं जुळतें, किंवा अशीच गोष्ट पूर्वीं अमुक खंडांत नोंदलेली आहे. लिहिणाराचा मान राखून त्याला दुरुस्त करण्याची ही मोठी सभ्य रीत होती. टिपण चुकीचें असलें तरी तें गाळलें म्हणजे चूक करणारा शिकत नाहीं, आणि नुसतें छापलें म्हणजे वाचक फसतो. दोहोंमधील मार्ग म्हणजे तो कंसांतील शेरा.

भरीव टिपण म्हणजे लांब टिपण नव्हे, हेंहि या सदरावरून शिकतां येतें. समजा, एकानें लिहिलें, कीं सापांची मातृवत्सलता पाहून मन थक्क होतें, आणि त्यावर चार पानें निसर्गाच्या लीलेचें वर्णन केलें. दुसऱ्यानें लिहिलें, कीं अमुक तारखेस सकाळीं आठ वाजतां विहिरीच्या कांठच्या बिळांत एक नागीण अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसलेली दिसली. अंडीं एकवीस होतीं. संध्याकाळीं पुन्हा पाहिलें तेव्हां ती तेथेंच होती. नंतर पाऊस आला, त्यामुळें पुढें काय झालें तें पाहतां आलें नाहीं. पहिल्या लेखाशीं वाद घालतां येत नाहीं, म्हणूनच त्याचा उपयोगहि करतां येत नाहीं. दुसऱ्या टिपणांतील ‘पुढें काय झालें तें पाहतां आलें नाहीं’ हें वाक्य सर्वांत मोलाचें. कारण तेथें दुसऱ्या कोणा निरीक्षकाला शिरण्यास दार उघडें राहिलें आहे.

अशीं दारें उघडीं राहिलीं म्हणजे काय घडतें याचें एक उदाहरण आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्याचें आहे. दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिणारे वरील डेव्हिडसन, जंगलखात्यांतील बेल आणि स्वतः एटकेन यांनीं मिळून तेथील फुलपांखरांचा अभ्यास केला. सुरवंट कोणत्या झाडाचीं पानें खातात, हें पाहून ते घरीं वाढविले, कोश होऊन फुलपांखरूं बाहेर येईपर्यंत त्यांवर नजर ठेवली, आणि १८९० नंतरच्या त्या दशकांत तें सारें या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. तिघांपैकीं एकाचाहि तो पोटाचा उद्योग नव्हता.

आतां या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नाहीं तर तो इतिहास न होतां गौरवगीत होईल. सोसायटीच्या संस्थापकांत दोन हिंदी गृहस्थ असले, तरी नियतकालिकाच्या पहिल्या कित्येक वर्षांतील पानांवर हिंदी नांवें फार थोडीं आहेत. डॉ. सखाराम अर्जुन तर तें निघण्यापूर्वींच, १८८५ मध्यें, वारले. टिपणें लिहिणारे बहुतेक युरोपियन: मुलकी अधिकारी, लष्करी अधिकारी, मळेवाले. जंगलांत त्यांना वाट दाखविणारा, घरटें कोठें आहे तें सांगणारा, झाडावर चढून अंडीं उतरवून आणणारा माणूस मात्र बहुधा बिननांवाचा राहिला. त्याचें ज्ञान साहेबाच्या लेखणींतून कागदावर उतरलें. खालीं सही साहेबाची. त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतें हें खरें. परंतु लेव्हेनहुकला तरी लॅटिन कोठें येत होतें? तेथें भाषांतर करून घेणारा ओल्डेनबर्ग भेटला, येथें तो सहसा भेटला नाहीं. कोणाच्या बोलण्यास टिपण म्हणावयाचें आणि कोणाच्या बोलण्यास नुसती माहिती, हें ठरवितांना किती ज्ञान गळून गेलें असेल, याचा हिशेब आतां कोणी करूं शकणार नाहीं.

तथापि त्याच संस्थेच्या दारांत घडलेला एक प्रसंग या अंधारांत दिव्यासारखा आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईच्या खेतवाडींत राहणाऱ्या एका लहान मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी नेहमींसारखी नाहीं, असें वाटून त्यानें ती आपल्या मामांना दाखविली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद होते. त्यांनीं चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविलें. मिलर्ड यांच्या खुर्चीमागें पिंजऱ्यांत एक मोठा धनेश पक्षी बसलेला असे. त्या वातावरणांत बुजत बुजत शिरलेल्या पोराचा कागदांत गुंडाळलेला मेलेला पक्षी एका गोऱ्या व्यापाऱ्यानें ‘छान आहे हो’ म्हणून परत केला असता, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. मिलर्ड यांनीं पक्षी हातांत घेतला, ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचें सांगितलें, कपाटांचे खण उघडून संग्रहांतील पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखविले, वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि पुन्हा ये म्हणून सांगितलें. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

पुढें बावीस वर्षांनीं, १९३० च्या पावसाळ्यांत, नोकरी गमावलेले सलीम अली अलिबागेजवळ किहीम येथें राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते आडोशाला बसून तासन्‌तास टिपणें करीत राहिले. नर अर्धें घरटें विणतो, मादी येऊन तें पारखते, पसंत पडलें तर तेथें राहते. मग नर तें पुरें करून देतो आणि दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा सारा क्रम त्यांनीं उलगडून दाखविला. तो निबंध सोसायटीच्याच नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला. सुगरणीचें घरटें कोंकणांतील शेंकडों पिढ्यांनीं पाहिलें होतें, तिच्या कौशल्याची वाखाणणीहि केली होती. वाखाणणीनें जें कळलें नाहीं तें तारीखवार टिपणांनीं कळलें.

डेल्फ्ट, शिमला आणि मुंबई या तिन्ही ठिकाणच्या हकीकतींत एक सूत्र आहे. टिपण चांगलें येतें कीं वाईट, हें लिहिणारावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच तें घेणारावरहि असतें. ज्यानें आपला अपुरेपणा आधीं उघड केला, नेमका प्रश्न विचारला, लिहिणाराचें नांव त्याच्या शब्दांशीं जोडून ठेवलें आणि चूक झाली तर ती मानभंग न करतां दाखविली, त्याच्याकडे माणसें भरभरून लिहीत आलीं. ज्यानें नुसतीच वाहवा केली, त्याच्याकडे वाहवाच परत आली.

आपल्या समाजांत छंदांची वाण नाहीं. घरोघर कोणी ना कोणी नाणीं, तिकिटें, जुन्या पोथ्या, ओव्या, पाककृति, झाडांचीं बियाणें जमवीत असतो. वाण आहे ती विचारणाराची. आजी जात्यावरची ओवी म्हणते. आपण ‘आजी, किती गोड’ म्हणतों आणि उठतों. ती ओवी तिनें कोणाकडून ऐकली, माहेरची कीं सासरची, तिच्या गांवीं दुसरी कडवीं म्हणत काय, हें विचारावयाचें राहून जातें. आणि एके दिवशीं विचारावयास आजीच उरत नाहीं. शिमल्याच्या बाजारांत रद्दीच्या भावानें गेलेले कागद निदान कोणी तरी लिहिलेले होते. आपल्या घरांतील पुष्कळसें ज्ञान तर कागदावर येण्यापूर्वींच जात आहे. म्हणून वाचकांना एवढीच विनंति, कीं पुढल्या खेपेस कोणी आपला संग्रह पुढें मांडील तेव्हां ‘छान’ हा शब्द जरा आंवरावा, एक प्रश्न विचारावा, आणि त्यानें दिलेलें उत्तर त्याच्याच नांवानें, तारीख घालून, लिहून ठेवावें.